पंधराव्या फ्रेमपर्यंत

कॉलेजातल्या मुली तिला टिकटिकताई म्हणायच्या. पाठीमागे नाही, तोंडावरच. तिला त्याचं काही वाटत नसे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती आणि पडणाऱ्या वस्तूचा वेग मोजण्याचा प्रयोग हा तिचा हक्काचा. त्यासाठी टेबलाच्या कडेला एक छोटं यंत्र घट्ट बसवलेलं असे. लोखंडी वजनाला, मुलींच्या भाषेत गोळ्याला, कागदाची लांब फीत चिकटवायची, फीत यंत्रातून ओवायची आणि वजन सोडून द्यायचं. यंत्र टिकटिक करत फितीवर सेकंदाला पन्नास ठिपके मारतं. वजन सावकाश असतं तेव्हा ठिपके दाटीवाटीने उमटतात, वेग वाढतो तसे लांब लांब पडत जातात. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजून वेळेने भागलं की वेग मिळतो. हा वेग सेकंदागणिक कितीने वाढला ते काढलं की त्वरण. कुठलीही वस्तू मोकळी सोडली तर तिचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो. मुलींचं उत्तर मात्र कधी आठ यायचं, कधी साडेसहा.

मग त्या फीत घेऊन तिच्याकडे धावायच्या. ती पट्टीही न लावता फितीवरून बोट फिरवायची.

"सोडताना धरून ठेवलंस थोडा वेळ. बघ, इथे ठिपके चिकटलेत."

"नाही हो ताई, लगेच सोडलं."

"मग फीत घासली असेल कुठेतरी. गोळा नऊ पूर्णांक आठनेच पडतो गं. तो बिचारा काय करणार? तुम्हीच कोणीतरी त्याला धरता."

मी त्या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडे मोठी पदवी होती आणि हाताला सवय काडीची नव्हती. पहिल्याच प्रयोगाला माझं उत्तर आलं ७.२. वीस मुली माझ्याकडे बघत होत्या. ती खडू देण्याच्या निमित्ताने जवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, फीत तिरकी बसलीय. पुन्हा सोडा, मी सरळ करते." त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. वयाने ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची, ती मला मॅडम. ते शेवटपर्यंत बदललं नाही.

तिचा नवरा रंगारी होता. घरं रंगवणारा नव्हे, उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा. गच्चीवरून दोन दोरांनी फळी सोडायची, तिला ते लोक पाळणा म्हणत, आणि त्या पाळण्यावर बसून मजल्यामागून मजला रंगवत खाली यायचं. संध्याकाळी तो तिला स्कूटरवरून न्यायला यायचा. फाटकाशी उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याशी थट्टा करायचा. कोपरावर, कानामागे, भुवईत कुठला ना कुठला रंग लागलेला असायचाच.

"मॅडम, हिला जरा घरी सोडत जा हो वेळेवर," तो मला म्हणायचा. "तुमचे गोळे कुठे पळून जात नाहीत. पडून पडून पडणार कुठे? जमिनीवरच."

माणूस लाघवी होता आणि थापाड्याही. तंबाखू सोडली म्हणायचा आणि स्कूटरच्या डिकीत पुडी सापडायची. डॉक्टरकडे जाऊन आलो म्हणायचा आणि डॉक्टर रस्त्यात भेटून विचारायचे, आला का नाहीत? टिकटिकताई रोज सकाळी दारात उभी राहून त्याला बजावायची, "कमरेचा पट्टा लावा. दोर अडकवल्याशिवाय पाळण्यावर पाय ठेवू नका." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "लावतो गं बाई. तुझ्या धाकाने झोपेतसुद्धा लावतो."

हे ती मला हसत हसत सांगायची. आणि शेवटी म्हणायची, "तंबाखूसारखंच असणार हेही. देव जाणे लावतात का नाही."

तो पडला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. ती आतल्या खोलीत वजनं मोजून कपाटात लावत होती. ऑफिसमधला शिपाई धावत आला, तिला फोन आहे म्हणाला. ती हातातलं वजन तसंच घेऊन फोनपाशी गेली. मी मागून पोहोचले तोवर तिने फोन ठेवला होता आणि ते अर्ध्या किलोचं वजन घट्ट मुठीत धरून ती उभी होती. "पाचव्या मजल्यावरून," एवढंच म्हणाली. दवाखान्यात जाईपर्यंत ते वजन तिच्या हातात होतं. तिथे आम्हाला घाई करावी लागली नाही. तो जागेवरच गेला होता.

पाळण्याचा एका बाजूचा दोर तुटला होता, फळी उभी झाली होती. यात कोणाचं दुमत नव्हतं. पण अशा वेळी माणसाला वाचवायला कमरेचा पट्टा असतो, आणि पट्ट्याला वेगळा दोर असतो, गच्चीवर बांधलेला. ठेकेदाराने सांगितलं, त्याने पट्ट्याला दोर अडकवलाच नव्हता. दोर गच्चीवर नीट गुंडाळून ठेवलेला पोलिसांना दिसला. गच्चीवर काम करणारा त्याचा जोडीदार, दहा वर्षांपासूनचा सोबती, त्यानेही मान खाली घालून तेच सांगितलं. "लावला नव्हता."

आणि टिकटिकताईने ते खरं मानलं.

दुसऱ्या कोणी मानलं नसतं कदाचित. कांगावा केला असता, ठेकेदाराच्या दारात बसली असती. हिने नाही केलं. तिला तो तंबाखूची पुडी लपवणारा माणूस माहीत होता ना. दहाव्या दिवशी ती कामावर आली, अंगात पांढरा कोट चढवला आणि टेबलं पुसू लागली. डोळे कोरडे. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "मॅडम, त्या माणसाबद्दल माझ्याशी बोलू नका. चौदा वर्षांची पोर आणि म्हातारी आई माझ्या गळ्यात टाकून गेला. दोन मिनिटं लागतात दोर अडकवायला. दोन मिनिटं."

पूर्वी ती नवऱ्याचा उल्लेख 'आमचे हे' असा करायची. आता 'तो माणूस' झाला.

मी तिच्या घरी अधूनमधून जायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीला नवऱ्याने स्वतः दिलेला फिकट हिरवा रंग, छतापाशी रेषेसारखा सरळ कापलेला. त्याचा फोटो कुठे लावलेला नव्हता. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्या खिडकीपाशी बसून रोज, अगदी रोज, विचारायच्या, "का गं, खरंच बांधला नव्हता का त्याने दोर?" आणि सून स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "नव्हता, आई. किती वेळा सांगू?" मुलगी मान वर न करता अभ्यास करत राहायची. शाळेत तिला कोणीतरी म्हणालं होतं, तुझे बाबा बेफिकीर होते म्हणे. ती भांडली नव्हती. घरातही तेच ऐकत होती, मग भांडणार कोणत्या तोंडाने?

वर्ष उलटून गेलं. अपघाताची चौकशी आपल्या चालीने चालली होती. एक दिवस तिच्या हाती लिफाफा आला. अखेरची सुनावणी तीन आठवड्यांनी आहे, मृताच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असा निष्कर्ष आहे, काही हरकत असल्यास लेखी द्यावी. सोबत एक पेन ड्राइव्ह होता. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या वरच्या गॅलरीत कॅमेरा होता आणि त्यात तो पडताना दिसला होता. त्याची प्रत. तिने तो पेन ड्राइव्ह प्रयोगशाळेच्या टेबलाच्या खणात टाकला. घरी नेला नाही.

त्याच वर्षी मी त्या जुन्या प्रयोगाची नवी तऱ्हा सुरू केली होती. उभ्या पट्टीसमोर चेंडू सोडायचा, त्याचं चित्रण करायचं, आणि मग संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडू कुठे आहे ते टिपायचं. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे दोन फ्रेममध्ये चार शतांश सेकंद. फितीवरच्या ठिपक्यांच्या जागी फ्रेम, बाकी हिशोब तोच. ताईला ते माझ्याआधी जमलं. मुली गेल्यावर ती एकटी बसून चेंडू, खडूचा तुकडा, डस्टर, काय वाट्टेल ते पाडायची आणि मोजायची.

अशाच एका दुपारी मी वह्या तपासत बसले होते. ती पाठमोरी होती. म्हणाली,

"मॅडम, चेंडू काय, डस्टर काय, सगळं सारखंच पडतं ना?"

"हो. कापूस, कागद सोडला तर."

"आणि माणूस?"

माझा हात थांबला. तिने खण उघडलेला मला ऐकू आला.

"ताई, नका बघू," मी म्हणाले. "मी बघते हवं तर. नाहीतर आपण दुसऱ्या कोणाला—"

"बघायचं नाहीये मला. मोजायचंय." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मुलींना पट्टी सरळ धर म्हणताना असतो तसा. "एवढी वर्षं दुसऱ्यांचं पडणं मोजलं. हे एक तेवढं तोंडी ऐकून कसं सोडू? मला त्याच्यावर रागवायचंय तर नीट मोजून रागवू दे."

मी दार लावून घेतलं आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढली.

चित्र धूसर होतं, पण फ्रेम तेवढ्याच, सेकंदाला पंचवीस. इमारतीची भिंत, खिडक्यांच्या रांगा, त्यात हाताच्या बोटाएवढा एक माणूस. पांढरे कपडे, डोक्यावर पांढरी टोपी. पट्ट्याचा दोर एवढ्या लांबून दिसण्यासारखा नव्हताच, पाळण्याचे जाड दोरसुद्धा जेमतेम दिसत होते. खाली एक झाड होतं आणि दुसऱ्या मजल्याच्या खालचं सगळं त्या झाडाआड होतं. मनातल्या मनात मी त्या झाडाचे आभार मानले.

इमारतीचा एक मजला किती उंच हे तिने आदल्या रविवारीच जाऊन फितीने मोजून आणलं होतं. ते मला तेव्हा कळलं. म्हणजे ठरवून बसली होती. पडद्यावर वरचे मजले थोडे लहान दिसत होते, तर प्रत्येक मजल्याला तिने वेगळं माप लावलं. मग एकेक फ्रेम. ती खूण करायची, आकडा सांगायची, मी लिहून घ्यायची. आधी तिने टोपी धरली. आकडे वेडेवाकडे आले, कधी पुढे कधी मागे.

"टोपी नको," ती म्हणाली. "माणूस वळतोय. डोकं वेगळं जातंय, पाय वेगळे. कंबर धरूया. मधला भाग खरा पडतो."

तिने सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सदतीस फ्रेम. बाहेर मुलींचा गलका चालू होता, कोणीतरी दार ठोठावून गेलं. तिने एकदाही मान वळवली नाही. आकडे संपले तशी तिने वही स्वतःकडे ओढली, वजाबाक्या केल्या, भागाकार केले. मग आलेखाचा कागद घेतला, आडवी वेळ, उभा वेग, आणि पेन्सिलने ठिपके मांडले.

मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचे ठिपके एका सरळ रेषेत चढत जातात. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. हे ठिपके तसे नव्हते. पहिल्या पंधरा फ्रेमपर्यंत रेषा सावकाश चढत होती. तिथे रेषेला कोपर होतं. तिथून पुढे ती एकदम उभी झाली होती. मी दोन्ही तुकड्यांचं त्वरण काढलं. दुसऱ्याचं आलं ९.७. पहिल्याचं जेमतेम चार.

तिने माझा आकडा पाहिला. स्वतः पुन्हा काढला. पुन्हा चारच.

"फीत घासली असेल," ती सवयीने म्हणाली आणि तिच्या तोंडातून निघालेले शब्द तिलाच ऐकू आले.  मग ती त्या पहिल्या तुकड्यावरून हळूहळू बोट फिरवत राहिली.

"मॅडम," ती म्हणाली. "धरलं होतं. ह्यांना कोणीतरी धरलं होतं."

वर्षाहून अधिक काळानंतर मी तिच्या तोंडून 'ह्यांना' ऐकलं.

आम्ही पुन्हा त्या पंधरा फ्रेम पाहिल्या. आता डोळ्यांना काय शोधायचं ते ठाऊक होतं. त्याचे दोन्ही हात बाजूला पसरलेले होते, मोकळे. आणि कमरेतून तो दुमडला होता. डोकं आणि पाय खाली, कंबर वर, बाळाला कमरेत धरून उचललं की ते जसं दिसतं तसा. पंधराव्या फ्रेमनंतर अंग सरळ होत गेलं होतं.

मी लगेच अर्ज लिहायला घेतला. तिने मला थांबवलं.

"कॅमेराच चुकतोय म्हणाले तर?"

माझ्या डोक्यातही आलं नव्हतं ते.

पुढच्या रविवारी आम्ही त्या इमारतीत गेलो. औषधाच्या दुकानाचे मालक भले गृहस्थ होते. त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण द्यायचं कबूल केलं, वर स्वतःच दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून खालचा रस्ता मोकळा ठेवला. पाचव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने खिडकी उघडून दिली, काही विचारलं नाही. आम्ही वाळू भरलेलं पोतं पांढऱ्या चादरीत शिवून आणलं होतं. दोघींनी मिळून ते चौकटीवर ठेवलं.

"मी ढकलते," मी म्हणाले.

"नको. सोडायचं कसं ते मला माहीत आहे. ढकललं तर सुरुवातीचा वेग येतो." तिने दोन्ही हातांनी पोतं चौकटीबाहेर तोललं, क्षणभर स्थिर धरलं, आणि हात बाजूला घेतले.

पोतं गेलं. आकडे कॅमेऱ्यात उमटणार होते, आम्हाला बघायची गरज नव्हती, आणि तिने बघितलंही नाही. पण चित्रणात आवाज नव्हता, इथे होता. खालून तो आवाज आला तेव्हा ती खिडकीच्या चौकटीला धरून मटकन खाली बसली. घरातल्या बाईंनी धावत पाणी आणलं. तिने पाणी घेतलं नाही. थोड्या वेळाने उठली आणि म्हणाली, "अजून दोनदा टाकायला हवं. एका वाचनावर कोणी विश्वास ठेवत नाही."

तिने आणखी दोनदा ते पोतं सोडलं. प्रत्येक वेळी जिना उतरून ते वर आणायला दुकानाच्या मालकांनी हात लावला. तिन्ही वाचनं आली ९.६, ९.७, ९.७. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सरळ रेषा, कोपर कुठेही नाही.

सुनावणीची खोली लहान होती. लांबट टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, फायलींचे ढीग. चौकशी अधिकारी वयस्कर होते, आवाज रुक्ष पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी आमचे कागद उलटेपालटे केले.

"बाई, तुम्ही प्रयोगशाळेत नेमकं काय करता?"

"उपकरणं पुसते, साहेब. आणि मुलींच्या चुका शोधते."

ठेकेदार हसला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी तिला आलेख समजावून सांगायला सांगितलं आणि तिने सांगितला. पहिल्यांदा काम शिकणाऱ्या मुलीला सांगावं तसा, घाई न करता, न घाबरता. पोत्याचा आलेख शेजारी ठेवला. मी मागे बसले होते, मला बोलावंच लागलं नाही.

"पाळण्याचा दोर हाताने धरला असेल पडताना," ठेकेदार म्हणाला.

"हातांनी दोर धरणारा माणूस हातांनी लोंबकळतो," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "हे कमरेत दुमडलेत. हात मोकळे आहेत. साहेब, पट्ट्याला दोर होता. दोर वरून सरकत आला. बहात्तर सेंटिमीटर सरकेपर्यंत त्याने यांना थोडं थोडं धरलं. मग तो सुटला."

"बहात्तर?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "इतकं नेमकं?"

"दोन-तीन इकडे तिकडे. तक्त्यात आहे."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताईच्या नवऱ्याचा गच्चीवरचा जोडीदार उठून उभा राहिला होता. त्याला साक्षीला बोलावलेलं होतं आणि तो सकाळपासून टोपी हातात चुरगाळत बसला होता. 

"पकडीच्या मागे आम्ही दीड हात दोर सोडतो, तेवढाच भरतो," तो म्हणाला. "गच्चीवर लोखंडी पकड असते, तिच्यात दोर दाबून बसवायचा, मागे दीड हात शेपूट. पकडीचे दात झिजले होते साहेब. महिनाभर सांगत होतो, बदला म्हणून. त्या दिवशी ती दोराला धरेना. माझ्या डोळ्यांसमोर दोर सरकत गेला. मी झडप घातली, पण..." त्याने आपला उजवा तळहात पुढे केला. त्यावर आडवा, जुना, पांढरा वळ होता. "मग हे ठेकेदार मला म्हणाले, त्याच्या पट्ट्याचा दोर सोडव, वर नेऊन गुंडाळून ठेव. काम जाईल म्हणाले. मी गुंडाळला."

ठेकेदार ओरडायला लागला. अधिकाऱ्यांनी त्याला गप्प केलं.

टिकटिकताई त्या जोडीदाराकडे बघत होती. मला वाटलं ती आता त्याच्या अंगावर जाणार. ती उठली, त्याच्याजवळ गेली, त्याचा तळहात स्वतःच्या हातात घेऊन नीट पाहिला. "तुम्ही पण धरलं होतं होय," एवढंच म्हणाली. तो मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला. ती नाही रडली.

ती रडली बाहेर आल्यावर. इमारतीच्या जिन्याखाली एक बाक होता, तिथे आम्ही टेकलो. मला वाटलं दमली असेल.

"मॅडम, पंधरा फ्रेम म्हणजे किती वेळ?"

"सहा दशांश सेकंद."

"म्हणजे किती हो?"

"डोळे दोनदा मिटावेत, एवढा."

"तेवढ्यात माणसाला कळेल ना? कमरेला ओढ बसली की? वाटेल ना त्याला, की धरलं, वाचलो म्हणून?"

 तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि वाकून, गुडघ्यांवर कपाळ टेकून, वर्षभराचं सगळं त्या बाकावर मोकळं केलं. जिन्यावरून लोक येत-जात होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मध्येच ती काहीतरी पुटपुटायची. मला एवढंच कळलं, "लावतो म्हणाले होते. खरं सांगत होते. रोज खरं सांगत होते."

अहवाल बदलला. 'मृताने सुरक्षेचा पट्टा व दोर लावलेला होता, वरची पकड निकामी असल्याने दोर निसटला,' असं त्यात लिहून आलं. ठेकेदाराचा परवाना गेला. वर्षभराने त्याच्या मेव्हण्याच्या नावाने त्याच जागी पाटी लागली, हेही सांगायला हवं.

घरी तिने तो कागद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. म्हाताऱ्या बाई ऐकून म्हणाल्या, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचला. पाच-सहा वेळा वाचायला लावला. मग त्या म्हणाल्या, "बिचारा. आणि आपण घरात बसून त्याला नावं ठेवत होतो." मुलीने कागद मागून घेतला, घडी केली आणि शाळेच्या दप्तरात ठेवला. कोणाला दाखवायचा होता ते तिने सांगितलं नाही, आईने विचारलं नाही.

मला वाटलं होतं, आता तिला शांत वाटेल. तसं झालं नाही. तिला ताप येऊ लागला, जेवण जाईना, महिनाभर ती रजेवर होती. परत आली तेव्हा तिने माझ्याकडे एकच मागणं केलं. गोळ्याच्या प्रयोगाला तिला उभं करू नये. मी तिला शेजारच्या खोलीत प्रकाशाच्या प्रयोगांकडे दिलं. तिथे ती भिंगं पुसायची, आरसे लावायची, अंधार करायला पडदे ओढायची. आमच्या खोलीतून टिकटिक सुरू झाली की ती मधलं दार लोटून घ्यायची. नव्याने आलेल्या मुलींना तिचं जुनं नाव माहीतच नव्हतं. त्या तिला नुसतं ताई म्हणत.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. ती निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. सासूबाई गेल्या. मुलगी शिकून नोकरीला लागली आहे, संध्याकाळी सातला येते. आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. बोलता बोलता मी तिला इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. मोजलं नसतं तर बरं झालं असतं का?

तिने खिडकीच्या कठड्यावरची धूळ पदराने पुसली.

"मोजायलाच हवं होतं," ती म्हणाली. "पोरीला तिचा बाप परत मिळाला. म्हातारी सुखाने गेली." मग म्हणाली, "पण मॅडम, राग होता ना, तोवर ते घरातच होते. उठताबसता भांडायची मी त्यांच्याशी. पाणी गेलं की, दिवा गेला की, पोरगी आजारी पडली की. तो आलेख काढला आणि भांडण मिटलं. त्या दिवशी ते गेले बघा. खरे त्या दिवशी गेले."

 जिन्यात पावलं वाजली. "आली वाटतं," ती म्हणाली, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि दार उघडायला गेली.